पत्रकाखाली नाव असतं, मेसेजखाली कोणाचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोणी भाकरी थापत ऐकत असेल, कोणी अंगणात दादर पाखडत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज विषय निवडणुकीचा आहे. मत कोणाला द्या हे आम्ही सांगणार नाही, घाबरू नका. सामुदायिक रेडिओवरून पक्षाचा प्रचार करता येत नाही, तसा नियमच आहे. आणि नियम नसता तरी आम्हाला ते परवडलं नसतं. एका गटात दहा-बारा बायका असतात आणि त्यांच्या घरांवर निवडणुकीत चार रंगांचे झेंडे लागतात. त्या सगळ्या एकाच सतरंजीवर बसून बचत भरतात, एकमेकींच्या कर्जाला जबाबदार राहतात. ती सतरंजी टिकली पाहिजे, एवढाच आमचा पक्ष.

पण निवडणूक आता चौकातल्या सभेपेक्षा फोनमध्ये जास्त चालते. सभेला आपण गेलो नाही तर सभा आपल्या घरात येत नव्हती. फोन उशाशी असतो. म्हणून फोनबद्दल बोलायचं आहे.

2024 मध्ये विधानसभेची निवडणूक लागली, त्या वेळची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या भागातल्या समन्वयक आणि प्रेरिका यांच्याकडे निरनिराळी माणसं यायला लागली. कोण ते सांगत नाही, पण एकाच बाजूची नव्हती, एवढं सांगतो. सगळ्यांची मागणी एकच. "ताई, तुमच्याकडे सगळ्या गटांतल्या बायकांचे नंबर आहेत ना? फक्त यादी द्या. दुसरं काही नको. आम्ही दिवाळीच्या शुभेच्छा पाठवू."

मागणी साधी वाटते. एका प्रेरिकेला तर वाटलं, नंबरच तर द्यायचे आहेत, त्यात काय बिघडलं? मग आम्ही प्रभागसंघाच्या बैठकीत बसून हिशोब मांडला की आपल्या यादीत नेमकं काय काय असतं. नाव. नवऱ्याचं नाव. गाव, वस्ती. जात प्रवर्ग. बँकेची शाखा. कर्ज किती घेतलं, किती फिटलं, कोणाचे दोन हप्ते राहिले. आधारची झेरॉक्स. म्हणजे ज्याच्या हातात यादी जाईल त्याला कळणार की या गावातल्या या बाईला पैशाची अडचण आहे, आणि ही विधवा आहे, आणि हिचा नवरा सुरतला कामाला आहे. नुसता नंबर दिला तरी ती बाई बचत गटातली आहे, अमुक गावची आहे, हे त्याला कळतंच. मग तिला कोणता मेसेज पाठवायचा, कशाची भीती घालायची, कशाचं आमिष दाखवायचं, ते ठरवणं सोपं.

हे आमच्या मनाचे खेळ नाहीत. लोकसभेच्या वेळी, 2 मे 2024 ला, निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना लेखी कळवलं होतं की सर्वेक्षणाच्या नावाखाली, निवडणुकीनंतर अमुक लाभ देऊ असं सांगून मतदारांची नावं नोंदवून घेणं ताबडतोब बंद करा. आयोगाने त्याला लाच देण्याच्या प्रकारात मोजलं. ज्या अर्थी आयोगाला पत्र काढावं लागलं, त्या अर्थी हे चालू होतं.

तर बैठकीत ठराव झाला. गटाची यादी बचतीच्या आणि कर्जाच्या कामासाठी गोळा केली आहे, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी ती बाहेर जाणार नाही. इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. त्यानंतर कोणी यादी मागायला आलं की आम्ही वही उघडून ठराव दाखवायचो. माणूस बाईशी वाद घालतो, लिहिलेल्या ठरावाशी घालत नाही. दोन-तीन जण नाराज झाले, पण पुढे त्यातल्या कोणी काही त्रास दिला असं झालं नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. आमच्यातलीच एक ताई ग्रामपंचायतीला उभी राहिली. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यामुळे हे आता नवल नाही, आणि व्हायलाच पाहिजे. ती म्हणाली, "बाहेरच्यांना नाही म्हणालात ते बरोबर. पण मी तर गटातली. माझ्याकडे गाडी नाही, कार्यकर्ते नाहीत, पैसा नाही. फोन हेच माझं साधन. मलाही यादी देणार नाही?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गरीब घरातली बाई निवडणुकीला उभी राहते तेव्हा व्हॉट्सॲप तिला खरंच उपयोगी पडतं. बॅनर छापायला पैसे लागतात, मेसेजला लागत नाहीत. त्या दिवशी बैठक लांबली. कोणी म्हणालं द्या, आपलीच आहे. कोणी म्हणालं, उद्या शेजारच्या गटातली तिच्याविरुद्ध उभी राहिली तर? शेवटी असं ठरलं की यादी तिलाही मिळणार नाही. मात्र गटाचं कामकाज संपलं, वह्या मिटल्या की ती बैठकीत येऊन समोरासमोर बोलू शकते, आणि तिच्याविरुद्ध जी कोणी उभी असेल तिलाही तेवढाच वेळ. ज्या बाईला वाटेल ती स्वतःहून आपला नंबर देईल. ताई आली, बोलली. बायकांनी तिला नळाचं विचारलं, स्मशानाच्या रस्त्याचं विचारलं, एकीने तर तोंडावर विचारलं की निवडून आल्यावर ग्रामपंचायतीत तू बसशील की तुझा नवरा. मेसेजला हा प्रश्न विचारता आला नसता. ती निवडून आली की पडली हे सांगितलं तर तुम्ही गाव ओळखाल, म्हणून ते राहू द्या.

आता मेसेजकडे येऊ. निवडणुकीत घरोघरी छापील पत्रकं येतात, ती तुम्ही पाहिली असतील. बहुतेक आपण ती चुलीत घालतो किंवा कपाटात अंथरतो. पुढच्या वेळी एखादं उलटून बघा. अगदी खाली, बारीक अक्षरांत, दोन नावं असतात. मुद्रक आणि प्रकाशक. ती हौसेने लिहिलेली नसतात. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, त्याचं कलम 127 अ सांगतं की निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव-पत्ता पाहिजेच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कशासाठी? उद्या पत्रकात खोटं निघालं तर कोणाला धरायचं, ते कळावं म्हणून.

आपल्या अमळनेरला तर छापील शब्दाचा मोठा वारसा आहे. साने गुरुजींनी 1938 साली इथूनच 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. (रेडिओवाल्यांनी काळजी करू नये, हे साप्ताहिकाचं नाव आहे.) इंग्रजांचं राज्य होतं, सरकारच्या मनाविरुद्ध लिहिलं तर खटला होता, तुरुंग होता. तरी लिहिणारा स्वतःच्या नावाने लिहीत होता. गुरुजींचं म्हणणं कोणाला पटो न पटो, हे कोण म्हणतंय हे वाचणाऱ्याला माहीत होतं.

आणि आता आपल्या फोनवरचा मेसेज काढून बघा. खाली काय असतं? "जास्तीत जास्त शेअर करा." "खरी माय असशील तर दहा जणींना पाठव." नाव कुठे आहे? फेसबुकवर पैसे देऊन केलेली राजकीय जाहिरात असेल तर कोणी पैसे दिले ते तरी तिथे लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवरच्या पुढे ढकललेल्या मेसेजला तेही नाही. आपल्याला फक्त दिसतं की तो भाचीने पाठवला. भाचीवर आपला विश्वास असतो, म्हणून मेसेजवरही बसतो. पण भाचीला कोणी पाठवला, त्याला कोणी, आणि पहिल्यांदा तो लिहिला कोणी, हे भाचीलाही माहीत नसतं.

त्याने काय होऊ शकतं हे आपल्या खानदेशाइतकं कोणाला माहीत असावं? शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, भिक्षा मागत फिरणारे. त्याआधी काही दिवस फोनवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून संशय आला, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ठेचून मारलं. पाचही जण गेले. मुलं पळवणारी टोळी वगैरे काही नव्हती.

त्या वर्षी देशभर असाच एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. अंगावर काटा यायचा. प्रत्यक्षात ती पाकिस्तानातल्या कराचीच्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली फिल्म होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात की मुलांकडे लक्ष ठेवा. कोणीतरी शेवट कापला आणि बाकीचं पाठवून दिलं. खोटं तयार करायला नवीन काही बनवावंही लागलं नाही, मैत्रिणींनो, नुसती कात्री पुरली.

राईनपाड्यानंतर दिल्लीतून सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला नोटीस पाठवली. त्याच महिन्यात फोनवर दोन बदल झाले. पुढे ढकललेल्या मेसेजवर बाण आणि 'फॉरवर्डेड' असं लिहून यायला लागलं, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. नंतर, जो मेसेज आधीच पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आला आहे त्यावर दोन बाण दिसायला लागले, आणि एप्रिल 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तो बाण आपण रोज बघतो आणि सोडून देतो. त्या बाणामागे त्या वर्षी अफवांनी ठिकठिकाणी मारलेली माणसं आहेत, आणि त्यात आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मारलेली पाच आहेत.

निवडणुकीतली अफवा माणूस मारत नाही, ती बाईला घरी बसवते. किंवा घाबरवून एका बाजूला नेते. आमच्या गटांमध्ये 2024 च्या दोन निवडणुकांत आम्ही जे मेसेज पाहिले, त्यातले काही सांगतो.

एक मेसेज असा होता की यादीत नाव नसेल तर काळजी करू नका, आधार कार्ड घेऊन जा, कलम 49 अ खाली 'चॅलेंज व्होट' मागा, मत देता येतं. आणि केंद्रावर 14 टक्क्यांपेक्षा जास्त 'टेंडर व्होट' पडली तर तिथे फेरमतदान होतं. वाचायला अगदी कायद्याच्या पुस्तकातलं वाटतं, म्हणून शिकलेल्या पोरींनीही पुढे पाठवलं. हे खोटं आहे. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आधार दाखवा नाहीतर आणखी काही. चॅलेंज व्होट नावाचा प्रकार आहे, पण तो उलटा आहे. मतदान केंद्रातला एखाद्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणतो की ही बाई यादीतली ती बाई नाही, दोन रुपये भरून हरकत घेतो, मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात. टेंडर व्होट म्हणजे आपण गेलो आणि आपल्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलेलं असेल, तर आपली ओळख पटवून आपल्याला कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ही गोष्ट खरी आणि लक्षात ठेवण्यासारखी आहे, अशा वेळी रडत परत येऊ नका. पण 14 टक्क्यांचा नियम कुठेही नाही. या मेसेजने नुकसान काय होतं बघा. ज्या बाईने वेळेत नाव नोंदवलं असतं ती निश्चिंत राहते, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येते.

दुसरा मेसेज तर खोटाही नव्हता. लोकसभेला आपल्या जळगाव मतदारसंघात मतदान होतं 13 मे ला आणि धुळ्यात 20 मे ला. आमच्या गटातल्या एकीचं माहेर धुळ्याकडचं. तिच्या भावजयीने पाठवलं, "मतदान 20 तारखेला आहे, सकाळीच जा, ऊन फार आहे." भावजयीच्या गावासाठी ते शंभर टक्के खरं. इथे ते दहा घरांत फिरलं आणि बायका म्हणायला लागल्या की तारीख पुढे गेली. बरं झालं, बैठकीत विषय निघाला. खानदेशात सासर-माहेर जिल्ह्यांच्या सीमेच्या आरपार असतं, त्यामुळे हे पुन्हा होणार आहे.

थोडीशी मतं काय करतात असं वाटत असेल तर त्याच धुळ्याचा निकाल बघा. सहा विधानसभा मतदारसंघ, लाखो मतं, आणि फरक पडला फक्त 3,831 मतांचा. एखाद्या मोठ्या गावात तेवढी मतं असतात.

तिसरा मेसेज आमच्या अगदी पोटावर आला. "बचत गटांचं कर्ज माफ होणार, हप्ते भरू नका." हा दर निवडणुकीत येतो. लोक विश्वास ठेवतात कारण कर्जमाफी आपण पाहिली आहे. 2017 ला दीड लाखापर्यंतची झाली, 2019 च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली. पण त्या दोन्ही शेतकऱ्यांच्या शेतीकर्जाच्या होत्या. गटाचं कर्ज त्यात नव्हतं. एका गटात चार जणींनी दोन महिने हप्ते थांबवले. "माफच होणार आहे तर का भरायचं?" उरलेल्या सात जणींना पोटाला चिमटा घेऊन बँकेचा हप्ता पूर्ण करावा लागला, कारण बँक गटाला ओळखते, एकटीला ओळखत नाही. वेळेवर फेड केली तरच व्याजाची सवलत मिळते, थकलं तर पुढचं कर्ज अडतं. त्या गटात आजही त्या चौघी आणि त्या सात जणी एकमेकींशी जरा तुटकच बोलतात. मेसेज लिहिणारा मजेत असेल कुठेतरी.

आणि चौथा, सगळ्यांत वाईट. "यंत्रामध्ये कळतं कोणी कोणाला मत दिलं. ज्या बाया मत देणार नाहीत त्यांचे महिन्याचे पैसे बंद." लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये जुलै 2024 पासूनचे यायला लागले होते. ज्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाने पहिल्यांदाच काही येतंय, तिला हा मेसेज म्हणजे धमकीच. एक आजी आम्हाला विचारत होती, "माय, खरं शे का? त्यासले समजस का?" म्हणून इथे स्पष्ट सांगतो. मत गुप्त असतं. बटण दाबलं की शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. तुमचं नाव नसतं, नंबर नसतो. मग ती कापून आतल्या पेटीत पडते. तेवढे सात सेकंद तिथे थांबून बघायचं, घाई करायची नाही. कोणी म्हणालं की आम्हाला कळतं, तर तो तुम्हाला घाबरवतो आहे, एवढंच समजा.

आता आवाजही खोटा येतो. 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान होतं. त्याच्या आदल्या दिवशी काही ऑडिओ क्लिप फिरल्या. खासदार सुप्रिया सुळे यांचा म्हणून एक आवाज त्यात होता, बिटकॉइनच्या पैशांबद्दल बोलणारा. त्यांनी तो आवाज आपला नाही असं सांगितलं आणि निवडणूक आयोगाकडे व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या पत्रकारांनी यंत्राच्या मदतीने तपासलं तेव्हा तो आवाज कृत्रिम, म्हणजे संगणकाने बनवलेला असण्याचीच शक्यता जास्त निघाली. या उदाहरणात कोण कोणत्या पक्षाचं हे बाजूला ठेवा, उद्या दुसऱ्या कोणाचाही आवाज असा येईल. वेळ बघा. मतदान संपण्याआधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद असतो. भोंगे बंद, सभा बंद. माणसाला शांतपणे विचार करता यावा म्हणून कायद्याने दिलेले ते दोन दिवस. आणि खोटा मेसेज नेमका तेव्हाच येतो, कारण खुलासा करायला समोरच्याला वेळ उरत नाही. आमचा तर आता असा शिरस्ता झाला आहे की त्या दोन दिवसांत निवडणुकीचा कोणताही मेसेज आला, गोड असो की कडू, तो पुढे पाठवायचाच नाही. मतदान झाल्यावर वाचू.

एवढं सगळं ऐकून वाटेल की फोन वाईटच. तसं नाही, आणि तसं बोलणं खोटेपणाचं होईल. पूर्वी ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायची. तो फळा बाईने कधी वाचायचा? आता नोटिशीचा फोटो ग्रुपवर येतो आणि बायका ग्रामसभेला जातात. निवडणुकीत कोणी पैसे, साड्या वाटताना दिसलं तर 'सी-व्हिजिल' नावाच्या सरकारी ॲपवरून तिथल्या तिथे फोटो काढून तक्रार करता येते, आणि आपलं नाव न देताही करता येते. 2019 च्या विधानसभेला राज्यात सुमारे 61 टक्के मतदान झालं होतं, 2024 ला ते सुमारे 66 टक्के झालं. बायकांच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्याचं श्रेय फोनला किती, योजनांना किती, आणि बायकांच्या स्वतःच्या मनाला किती, हे आम्ही सांगू शकत नाही. पण बायका आता राजकारणावर बोलतात, रील बघून का होईना बोलतात, हे खरं.

आमची तक्रार वेगळीच आहे. बोलतात, पण फोन कोणाचा असतो? आमच्या यादीतले कितीतरी नंबर नवऱ्याचे किंवा मुलाचे आहेत. गटाचा मेसेज आधी मुलगा वाचतो, मग त्याला आठवलं तर आईला सांगतो. निवडणुकीचा मेसेजही तोच वाचून दाखवतो, आणि वाचताना आपलं मतही त्यात घालतो. गावाच्या मोठ्या ग्रुपवर दोनशे माणसं असतात, त्यात बायका बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एखादी काही लिहायला गेली की कोणीतरी म्हणतं, वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं. मग ती परत कधी लिहीत नाही. मुलगा वाचून दाखवत असेल तर त्याला एवढंच सांगा की जे लिहिलंय तेवढं वाच, तुझं मत नंतर.

गेल्या दोन निवडणुकांपासून आमच्या काही गटांत एक पद्धत पडली आहे. बचत, कर्ज, परतफेड, हिशोब हे झालं की वही मिटण्याआधी पाच-सात मिनिटं राखून ठेवायची. ज्या बाईला काही शंकेचा मेसेज आला असेल तिने तो मोठ्याने वाचायचा, वाचता येत नसेल तर शेजारणीने. मग आम्ही तेच विचारतो जे पावतीबद्दल विचारतो. कोणी दिली? तारीख कोणती? सही कोणाची? आपल्या गटात दहा रुपयांची बचत सहीशिवाय जमा होत नाही, आणि कर्जमाफीची बातमी मात्र बिनसहीची चालते, हे बायकांना आपोआप हसू आणतं. "कोन सांगस?" एवढा प्रश्न सगळ्या मिळून विचारला की निम्मे मेसेज तिथेच गळतात. उरतात त्यांची खात्री करायला कर्जाचं असेल तर बँकेच्या शाखेत, योजनेचं असेल तर अंगणवाडी ताईकडे किंवा ग्रामपंचायतीत, आणि मतदानाचं असेल तर बीएलओकडे किंवा 1950 या क्रमांकावर विचारायचं. पुढच्या बैठकीत उत्तर वाचायचं. सुरुवातीला बायका कंटाळायच्या, "घरी गुरं वाट बघताहेत" म्हणायच्या. आता उशीर झाला तरी थांबतात, कारण त्यात गंमतही असते. गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र बचतीशिवाय काही टाकायचं नाही, उमेदवाराचा फोटो नाही, विजयाचा गुलाल नाही. वैयक्तिक स्टेटसवर जिला जे ठेवायचं ते ठेवावं, तो तिचा हक्क.

जाता जाता कामाचं सांगतो. येत्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या सगळ्या सदस्यांची नावं मतदार यादीत आहेत का ते बघून घ्यावं. बीएलओकडे यादी असते, आयोगाच्या ॲपवरही दिसते. ज्या सुना लग्न होऊन आल्या आहेत त्यांची नावं बहुतेक माहेरच्याच यादीत असतात, त्यांनी नमुना 8 भरून इकडे आणावीत. नव्याने 18 पूर्ण झालेल्या मुलींसाठी नमुना 6. आता वर्षातून चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, त्यामुळे वर्षभर थांबायची गरज नाही. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच बनते, म्हणून तिथे नाव असणं महत्त्वाचं. घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, सोबत मतदार ओळखपत्र किंवा आयोगाने ठरवलेल्या कागदांपैकी एक लागतोच. आणि फोन मतदान केंद्रात नेता येत नाही, तो घरी ठेवा किंवा बाहेर कोणाकडे तरी द्या. नमुने भरायला मदत लागली तर आपल्या गावच्या प्रेरिकेला सांगा, बुधवारी ग्रामसंघाच्या खोलीत आम्ही असतो.